तबकडीचा टेलिफोन आणि घरचे एक्स्चेंज

यवतमाळच्या एखाद्या जुन्या पेढीच्या माळ्यावर तबकडीचा काळा टेलिफोन धूळ खात पडला असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी थोडा विचार करावा, अशी श्रोत्यांना माझी विनंती आहे. लहानशा घरगुती एक्स्चेंजला जोडल्यास तो आजही माडीवरून स्वयंपाकघराशी बोलेल. मात्र त्या एक्स्चेंजला तबकडीची भाषा कळली पाहिजे. परत फिरताना तबकडी तारेतला प्रवाह तोडते. पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला सुमारे दहा या गतीने. पुष्कळ नव्या पेट्या केवळ बटणांचे सूर ओळखतात. त्यांच्यापुढे आपला टेलिफोन मुका!

ही भाषा जन्मली कशी? मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज निघाले तेव्हा तारा जोडायला मध्ये माणूस बसे. अमेरिकेत आल्मन स्ट्रॉजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करी. ऑपरेटरबाई आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, म्हणतात. संशय खरा असो वा खोटा, १८९१ साली त्याने मधले माणूसच वगळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. तबकडी त्याच्या मागून आली. हिंदुस्थानात असे स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास बसले.

घंटेची अडचण निराळी. जुन्या घंटेला पाऊणशे व्होल्टांच्या आसपास उलटसुलट प्रवाह लागतो. स्वस्त पेटीत तेवढा जोर नसला की ती नुसती कुरकुरते. दांडी फिरवण्याच्या टेलिफोनांना तर तबकडीच नाही. त्यांच्यासाठी घरातल्या कोणाला तरी मध्ये बसून तार जोडावी लागेल.