चेहऱ्याची साक्ष

शाळेत नवा विद्यार्थी आला की मास्तर त्याच्या मुद्रेवरून त्याची हुशारी जोखू पाहतात, आणि कादंबरीकाराला तर खलपुरुषाच्या डोळ्यांत क्रौर्य दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मी दोन्ही व्यवसाय करतो. म्हणूनच मुद्रेवरून माणूस ओळखण्याच्या खटाटोपाचा इतिहास मला बोधप्रद वाटतो.

चेझारे लोम्ब्रोझो या इटालियन वैद्याने १८७६ साली ग्रंथ लिहून, जन्मजात गुन्हेगार हा जबड्याच्या आणि कानांच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असे प्रतिपादन केले. इकडे इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टनने कैद्यांची छायाचित्रे एकाच काचेवर एकावर एक उमटवली. गुन्हेगाराचा अस्सल नमुना प्रकट होईल, ही अपेक्षा. प्रकट कोण झाले? एक साधासुधा माणूस! एकेकाचा उग्रपणा विरून सर्वांतले सामान्य माणूसपण तेवढे उरले, हे गॉल्टनने १८७८ मध्ये स्वतःच नमूद केले. पुढे चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरने सुमारे ३,००० इंग्रज कैद्यांची मापे तपासली. १९१३ च्या त्याच्या ग्रंथात लोम्ब्रोझोचा 'नमुना' कोठेच सापडला नाही.

वाद मिटला असे वाटले. पण २०१६ मध्ये शांघायच्या दोन संशोधकांनी संगणकाला १,८५६ छायाचित्रे शिकवली आणि तो गुन्हेगार जवळजवळ नव्वद टक्के अचूक ओळखतो, असा दावा केला. टीकाकारांनी नेमके बोट ठेवले: गुन्हेगारांची छायाचित्रे मुख्यतः पोलिसांकडची, इतरांची इंटरनेटवरची. इतरांच्या ओठांवर किंचित स्मित होते. यंत्र शील ओळखत होते की हसू?

२०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी तीन कंपन्यांची यंत्रणा तपासली. प्रश्न सोपा होता: चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा? गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्का, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. शिकवताना गोरे चेहरेच अधिक दाखवले की दुसरे काय होणार?

लोम्ब्रोझोशी निदान वाद घालता येत असे. यंत्राचा निकाल मात्र गणित म्हणून लोक निमूट स्वीकारतात, आणि त्यापायी एखाद्याची नोकरी जाते, एखाद्यावर आळ येतो. वाचकहो, या दिवाळीत घरोघर फोटो निघतील. कोणी हसेल, कोणी फटाक्याच्या धुराने डोळे बारीक करील. त्यावरून माणसाची परीक्षा करू नये. यंत्रालाही करू देऊ नये.