थोरल्या सेंट बर्नार्डचा घाट

मोटारींतून डोंगर चढणाऱ्याचें सारें लक्ष माथ्याकडे लागलेलें असतें. परंतु स्वित्झर्लंडमधील मार्टिन्यी गांवाहून इटलींतील आओस्ता नगराकडे नेणारा थोरल्या सेंट बर्नार्डचा घाट प्रवाशाला सरळ माथ्याकडे जाऊं देत नाहीं. वळणावळणाला गाडीचें तोंड फिरतें, आणि जेथून निघालों तीच दरी पुनः समोर दिसते. तरी प्रत्येक वळणाबरोबर गाडी वर चढलेली असते. पश्चात्तापाला हिब्रू भाषेंत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच ‘मागें वळणें’ असा आहे. ख्रिस्ती साधकाची वाटचाल या घाटासारखीच आहे. वळल्यावांचून चढणें नाहीं.

ही वाट फार जुनी. २,४६९ मीटर उंचीच्या खिंडींत रोमन लोकांनीं ज्युपिटरचें देऊळ बांधलें होतें. सुखरूप प्रवासासाठीं वाटसरू तेथें कांशाच्या पाट्या वाहत. त्यांतील कित्येक उत्खननांत सांपडल्या आहेत. इ. स. ९९० मध्यें कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परततांना याच वाटेनें गेला. त्यानें परतीच्या ७९ मुक्कामांची यादी करून ठेविली आहे.

बर्फांत वाट चुकलेल्यांचे हाल आओस्ताचा आर्चडीकन बर्नार्ड याला ठाऊक होते. खालीं नगरांत अन्नछत्र घालूनही त्याला पुण्य जोडतां आलें असतें. पण जो खालीं पोहोंचला तो तर वांचलेलाच. संकट वर होतें. म्हणून सुमारें १०५० मध्यें त्यानें धर्मशाळा उभारिली ती थेट खिंडींत. येथें ख्रिस्ताची उपासना होते आणि ख्रिस्ताला जेवूं घातलें जातें, असें त्या घराचें ब्रीद आहे. भुकेल्याला दिलेला घांस आपल्यालाच पोंचतो, असें येशूनें सांगितल्याचें मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. त्या वचनाचें हें आचरण होय.

ऑगस्टिनच्या नियमानें राहणारे धर्मगुरु तें व्रत चालवीत आले. १८०० च्या मे महिन्यांत नेपोलियनचें सुमारें ४०,००० सैन्य या खिंडींतून इटलींत उतरलें, तेव्हां त्या सैनिकांनाही धर्मशाळेनें अन्न दिलें. त्याच सुमारास तेथें बॅरी नांवाचा कुत्रा होता. चाळीसांहून अधिक माणसें त्यानें वांचविल्याची ख्याति आहे.

१९६४ मध्यें डोंगराच्या पोटांतून जवळजवळ ६ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला. आतां बर्फाची भीति न बाळगतां थोड्याच मिनिटांत मोटार पलीकडे निघते. मग त्या धर्मशाळेचें प्रयोजन संपलें काय? हिवाळ्यांत घाटाचा रस्ता अनेक महिने बर्फाखालीं बुजलेला असतो आणि वर जायचें तर पायींच किंवा बर्फावरील पट्ट्या बांधून जावें लागतें. तरीही माणसें जातात, आणि दार उघडेंच असतें. बोगदा माणसाला पलीकडे नेतो. थकलेल्याला ‘या, बसा’ म्हणणारें कोणी त्यांत भेटत नाहीं.

आरंभींच्या ख्रिस्ती लोकांच्या पंथाला नुसतें ‘मार्ग’ असें म्हणत, हें ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथावरून दिसतें. त्या नांवाचा अर्थ या घाटांत उलगडतो. स्वतः माथा गांठणें हा मार्गाचा अर्धा भाग. मागून येणाऱ्यासाठीं तेथें चूल पेटती ठेवणें हा उरलेला अर्धा. बर्नार्डनें तो दुसरा भाग पत्करला, म्हणूनच त्या डोंगरावरून ज्युपिटरचें नांव जाऊन त्याचें नांव राहिलें.