गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब : ऑक्सिडीकारक ताण आणि रक्तातील निर्देशक

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब नव्याने १४०/९० किंवा त्याहून वर गेला, तर त्यास गर्भावस्थाजन्य उच्च रक्तदाब म्हणतात. सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली अथवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, की तो प्रीएक्लॅम्प्सिया. झटके आले की एक्लॅम्प्सिया.

दोष बहुधा वारेत असतो. गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेचा रक्तपुरवठा कमीजास्त होत राहतो आणि सुपरऑक्साइडसारखे मुक्त मूलक वाढतात. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड त्यांच्यामुळे नष्ट होतो. वाहिन्या आकसतात, त्यांचे आतले अस्तर बिघडते.

मेदाचे ऑक्सिडीभवन झाल्यावर उरणारे मॅलोनडायअल्डिहाइड (एमडीए) हा या ताणाचा सर्वांत परिचित निर्देशक. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवल्यास त्याला गुलाबी रंग येतो व तो ५३२ नॅनोमीटरवर मोजतात. चाचणी स्वस्त आहे, पण इतर पदार्थही तोच रंग देतात. प्रीएक्लॅम्प्सियात एमडीए सहसा वाढलेले, तर क आणि ई जीवनसत्त्वे घटलेली आढळतात. सुपरऑक्साइड नष्ट करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. हे विकर तांबड्या पेशींत भरपूर असल्याने नमुना काढताना पेशी फुटल्या, तरी सीरममधला आकडा फुगतो. खानदेशातील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. त्यात पेशी शरीरातच फुटत असल्याने, पेशी फुटल्याचे दाखवणाऱ्या एलडीएच या विकराचा अर्थ अधिक जपून लावावा लागतो.

निदानासाठी एमडीए कुठेच नेमाने मागवत नाहीत. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातही भिस्त बीपीचे यंत्र, लघवीची पट्टी, प्लेटलेट, क्रिएटिनिन व यकृताची विकरे यांवरच. गंभीर रुग्णासाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वारेतून रक्तात येणाऱ्या एसएफएलटी-१ व पीएलजीएफ या प्रथिनांचे गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी असते. ही चाचणी मात्र महाग आहे.

ताण दिसतो म्हणून जीवनसत्त्वे द्यावीत, हा तर्क फसला. ब्रिटनमधील २००६च्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई देऊनही आजार टळला नाही. उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. जोखीम असलेल्यांना कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि आहारात कॅल्शियम तुटपुंजे असल्यास त्याच्या गोळ्या उपयोगी पडतात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देतात. आजार उतरतो तो प्रसूतीनंतरच. तरीही बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकते, तेव्हा बाळंतीण बहुधा घरी पोहोचलेली असते.