कार्टर, सिडनी
(६ मे १९१५ – १३ मार्च २००४). इंग्रज लोकगीतकार व कवी. जन्म लंडनमधील कॅमडन टाउन येथे. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात इतिहासाचे शिक्षण. शांततावादी असल्याने दुसऱ्या महायुद्धात शस्त्र न धरता त्याने क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकातून इजिप्त, पॅलेस्टाइन व ग्रीस येथे सेवा केली. युद्धानंतर तो लोकसंगीताच्या चळवळीत रमला.

‘लॉर्ड ऑफ द डान्स’ (१९६३) हे त्याचे सर्वांत गाजलेले गीत. शेकर पंथीयांच्या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन चालीवर बांधलेल्या या गीतात ख्रिस्त स्वतःच नर्तक होऊन आपली जीवनकथा सांगतो. ही कल्पना ख्रिस्ताइतकीच आपल्या मेजावरच्या नटराजाच्या मूर्तीवरूनही सुचली, असे कार्टर उघडपणे सांगे. चर्चच्या प्रार्थनागीतात शिवाच्या तांडवाची लय आणण्याचे हे धाडस विलक्षणच म्हणावे लागेल. आश्चर्य म्हणजे पुढे चर्चनेच ते आपलेसे केले. ‘द क्रो ऑन द क्रेडल’ हे अंगाईच्या घाटाचे युद्धविरोधी गीत जूडी कॉलिन्स, पीट सीगर यांनी गायिले. कार्टरची श्रद्धा तयार उत्तरे देत नाही, प्रश्न विचारत राहते. त्याच्या गीतांचे खरे बळ तेच. ‘वन मोअर स्टेप’ हे त्याचे गीत ब्रिटिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले.