खिडकीतला उजेड कोणाचा?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला जुना वाडा रस्त्याकडे पाठ करूनच बसलेला असे. बाहेरच्या भिंतीला खिडक्या थोड्या. उजेड यायचा तो मधल्या चौकातून. चौक मालकाचा, त्यावरचे आभाळही जणू त्याचेच! शेजाऱ्याने घर वाढविले म्हणून माजघरात वेळेआधी दिवा लावावा लागत नसे. परक्याच्या जमिनीवरून उजेड उसना आणण्याची पाळी आली ती शहरांत बिऱ्हाडावर बिऱ्हाड रचले जाऊ लागल्यावर.

मुंबईने हे आधी भोगले. गिरण्या वाढल्या, माणसे लोटली, चाळीला चाळ भिडली. दोन भिंतींमधल्या घाणेरड्या बोळात खिडक्या उघडू लागल्या. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला, तेव्हा अधिकाऱ्यांनी बोल लावला तो या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांना. आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गंमत अशी की, त्याच वर्षी सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवून दिले. निदान चुकले खरे, पण त्यातून आलेला ट्रस्टाचा नियम मोलाचा ठरला. त्याचे नाव साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा चढ ६३½ अंशांहून अधिक नसावा. फळ्यावर आकृती काढली की माझ्या विद्यार्थ्यांना हे चटकन कळते: समोर दहा फूट मोकळे असतील, तर इमारत साधारण वीस फुटांवर जाऊ नये.

कायदा मात्र त्याहून जुना, १८८२ चा. वकील मंडळी त्याला सुविधाधिकाराचा कायदा म्हणतात. एखाद्या इमारतीला शेजारच्या जागेवरून येणारा उजेड-वारा वीस वर्षे शांतपणे, अखंड आणि हक्काने मिळाला, की तो हक्क पक्का होतो. पुढे कोणी तो अडविला आणि त्यामुळे घराची किंमत बरीच उतरली, किंवा राहणाऱ्यांच्या सुखाला खरी बाधा आली, तर कोर्टात दाद मागता येते. परंतु १९१४ साली पॉल विरुद्ध रॉब्सन या कलकत्त्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मर्यादा घातली. उजेड पूर्वीपेक्षा कमी झाला एवढे दाखवून भागत नाही. उरलेला उजेड राहण्यापुरता पुरतो की नाही, हे पाहायचे. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराच्या देखाव्यावर तर वहिवाटीने हक्क मिळतच नाही.

आता खामगाव-बुलढाण्यासही फ्लॅट झाले आहेत. आयुष्याची पुंजी ओतून माणूस तिसऱ्या मजल्यावरची जागा घेतो. दाखविणारा खिडकी उघडून म्हणतो, “बघा, वारा कसा आहे!” तो वारा बहुधा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून आलेला असतो, आणि त्या मालकालाही कधीतरी घर बांधायचेच असते. वीस वर्षे भरण्याआधी त्याने नियमाने जागा सोडून मजले चढविले, तर त्याला अन्यायी कसे म्हणावे? खिडकी जागच्या जागी राहते. किंमत मात्र खाली येते.

म्हणून, वाचकहो, यंदा दिवाळीच्या मुहूर्तावर जागा पाहायला निघाल, तेव्हा फरशी आणि रंग सावकाश पाहा. आधी खिडकीतून बाहेर पाहा. समोरची जमीन कोणाची, तिच्यावर किती मजले चढू शकतात, मध्ये किती फूट सुटणार, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. मग भाव ठरवा. जेवढा उजेड त्या इमारतीच्या स्वतःच्या मोकळ्या जागेतून येतो, तेवढ्याचेच पैसे मोजावेत. बाकीचा शेजाऱ्याचा आहे.