ओटा परवान्याचा की वतनाचा?

मंडईत कोणी कुठे बसायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ कारभाराचा वाटतो. पण शहराला भाजी कोण विकणार, कोणाच्या डोक्यावर छप्पर असणार आणि कोणाला रस्त्याकडेला पथारी पसरावी लागणार, हे त्यावरच ठरते. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई, सुरुवातीची काही वर्षे करात सूट असे, आणि व्यापारी आणून वसवण्याचा भार शेटे-महाजनांवर असे. पेठेतला बंदोबस्त राखावा, तंटे मिटवावेत आणि त्या मोबदल्यात दुकानादुकानांतून मालाच्या रूपाने हक्क घ्यावा, असे हे वतन. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. एकोणिसाव्या शतकातल्या नगरपालिकांनी बाजारावरची ही घराणेशाही मोडायला घेतली. मात्र ज्या गाळ्याच्या रूपाने तिला पर्याय दिला, त्या गाळ्याचेच पुढे वतन होऊ लागले. ते होऊ न देणे हेच मंडईच्या नियमनाचे मुख्य काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईत आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना, १८६९ साली, त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरणारा बाजार १८८६ च्या सुमारास रे मार्केटच्या छपराखाली आला. वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधलेली ती इमारत आजही मधल्या अष्टकोनी मनोऱ्यानेच ओळखली जाते. इमारतीइतकाच कायदाही नवा होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने ठरवले की, पालिकेच्या बाजारात परवानगीवाचून कोणी काही विकू नये. ओट्याचे भाडे आयुक्ताने स्थायी समितीच्या संमतीने ठरवावे किंवा जागेच्या वापराचा हक्क लिलावाने द्यावा. आणि भाड्याचा तक्ता बाजारातच ठळक जागी लावावा. या तक्त्याचे महत्त्व फार मोठे आहे. आपण किती देणे लागतो, हे टोपली घेऊन आलेल्या बाईला कोणा वतनदाराच्या तोंडून नव्हे, तर भिंतीवर वाचून किंवा वाचून घेऊन कळावे, ही त्यामागची कल्पना. जागा पालिकेची, विक्रेत्याला फक्त वापराची मुभा. परवाना म्हणजे एवढेच.

मग बिघडले कुठे? भाडे एकदा ठरले की वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड जाते, आणि भोवतालच्या जागांचे भाव मात्र वाढत राहतात. या दोहोंतल्या फरकाचीच पागडी होते. परवान्यावर नाव एकाचे, ओट्यावर तराजू धरून बसलेला दुसराच, आणि तो पालिकेला देतो त्याहून कितीतरी जास्त रक्कम पहिल्याला पोचवतो, असा प्रकार त्यातूनच जन्मतो. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या छपराचा लाभ तिथे न बसणाऱ्याला मिळतो. शेटेपणात निदान पेठ वसवण्याची जबाबदारी तरी होती. पोटभाड्याच्या या वतनात तीही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, ठराविक मुदतीने सगळे ओटे लिलावात काढले की प्रश्न मिटेल. लिलावाने पालिकेचा महसूल वाढेल, यात शंका नाही. पण त्यात टिकतो तो भांडवलवाला. मेथीच्या चार जुड्या सोडवून त्यांचे वाटे लावणारी बाई पहिल्याच फेरीत बाद होते, आणि चढी बोली शेवटी गिऱ्हाइकाच्या पिशवीतून वसूल होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा धंदा उधारीवर आणि ओळखीवर चालतो; शेतकऱ्याचा विश्वास, मालाची पारख, बांधलेले गिऱ्हाईक हे एका पिढीत जमत नाही. कोळणीची जागा सासूकडून सुनेकडे जाते तेव्हा तिच्यासोबत मासळीचे ज्ञानही जाते. हे मला मान्य आहे. म्हणूनच वारसाला जागा जरूर मिळावी. पण तो वारस स्वतः ओट्यावर बसणारा असावा. कष्टाचा वारसा आणि विक्रीचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिसरा आक्षेप असा की, नियम आले की चिरीमिरी येते, तेव्हा बाजार मोकळाच बरा. पण मोक्याची जागा मोजकीच असते, आणि ती कोणीतरी वाटणारच. पालिकेने हात काढला तर ते काम गल्लीतला दादा करील, आणि त्याच्या दराचा तक्ता कुठल्याही भिंतीवर लागणार नाही.

पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने ही वाट दाखवली आहे. प्रमाणपत्र घेणाऱ्याने धंदा स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत करायचा, जागा भाड्याने वा अन्य कोणत्याही प्रकारे दुसऱ्याला द्यायची नाही. तो मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर जोडीदार वा अवलंबून असलेले मूल तिथला धंदा चालवू शकते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावेत, असेही हा कायदा सांगतो. रस्त्यावरच्या पथारीला लावलेली ही कसोटी मंडईतल्या पक्क्या ओट्याला का लावू नये? पुण्याची मंडई बांधायचे घाटत होते तेव्हा, तो पैसा शिक्षणावर खर्चावा, अशी भूमिका जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत घेतली होती. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न आजही तिथे लागू आहे. कोणत्या ओट्याचा परवाना कोणाच्या नावावर आणि भाडे किती, याची यादी प्रत्येक मंडईच्या दारात लावावी आणि वर्षातून एकदा ती प्रत्यक्ष बसणाऱ्यांशी ताडून पाहावी. तेवढे झाले तरी त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळू लागेल.