पेटीतलं 'पॅरिस'

मागच्या दिवाळीत रिद्धपूरला घरी गेलो, तर भजन मंडळात वाद पेटलेला. जुन्या पेट्या विकत घेणारा एक जण येऊन गेला होता. आबाजींच्या वेळच्या हार्मोनियमच्या बदल्यात तो नवीकोरी पेटी द्यायला तयार होता. कारण एकच: "आतले सूर प्यारिसचे हायेत."

माझं पीएच.डी.चं काम पितळाला भेगा का पडतात यावर आहे. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हार्मोनियम मूळचं पॅरिसचं. अलेक्झांद्र दबँने 1840 च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा भाता पायाने मारत. मांडी घालून वाजवायची हातपेटी 1880 च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी घडवली, असं मानतात. खोकं इथलं झालं. पण रीड, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या, बराच काळ पॅरिस आणि जर्मनीहूनच येत. पुढे गुजरातेत पालिताण्याला रीड बनू लागल्या आणि 'पॅरिस' हा जुन्या मालाचा शिक्का झाला.

गंमत बघा, याच वाद्यावर ऑल इंडिया रेडिओने 1 मार्च 1940 पासून बंदी घातली होती. पेटीतून मींड निघत नाही, हा मुख्य आक्षेप. बंदी सैल व्हायला 1970 चं दशक उजाडलं. इकडे गोविंदराव टेंब्यांनी तर त्याच्या कितीतरी आधी पेटीचं एकल वादन मैफलीत नेलं होतं. परदेशी म्हणून हिणवलेल्या पेटीला आज भाव मिळतो, तोही आतल्या परदेशी पितळामुळे!

बेस गिटारवाल्यांचंही असंच आहे. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. 1965 मध्ये सीबीएसने कंपनी विकत घेतली. त्याआधीचा बेस म्हटलं की आजही किंमत चढते.

पण पितळ काही लोणच्यासारखं मुरत नाही. जुन्या रीड गोड वाटतात त्याचं एक साधं कारण म्हणजे वाईट होत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. उरल्या त्या चांगल्या. शिवाय प्रत्येक वेळी सूर लावताना रीड खरवडतात. टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. गेलेलं पितळ परत येत नाही. म्हणजे शिक्का कुठलाही असो, ती किती वेळा आणि कोणाच्या हाताने खरवडली, ते आधी बघायला हवं.

आणखी एक. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात आपोआप तडकायची. साठा तबेल्यांजवळ असे. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळात आधीपासून असलेला ताण, या दोघांचं ते काम, हे 1921 मध्ये नीट सिद्ध झालं.

आमची पेटी वर्षानुवर्षं गोठ्याला लागून असलेल्या खोलीत!

पेटी उघडली. शिक्का खरंच पॅरिसचा निघाला. नराच्या रीड ठणठणीत होत्या. खर्जाच्या दोन रीडना मात्र बुडाशी केसाएवढ्या भेगा दिसल्या. भिंगातून त्या मी आबाजींच्या जोडीदारांना दाखवल्या. "म्हणजे किंमत गेली का रे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, विकायची असेल तर थोडी गेली. वाजवायची असेल तर दोन रीड बदलू.

पेटी आता आमच्या माजघरात आहे. त्या दोन जागी पालिताण्याच्या रीड बसवल्या आहेत, आणि काकड्याला त्या कोणालाच ओळखू आल्या नाहीत.